सिंधूआत्याची शीळ आणि हिरडीवरचा लेप

कळंबला येऊन कुणाला "सिंधुबाई कुठं राहतात?" विचारलं तर माणूस आधी डोकं खाजवणार. "शीळवाली सिंधू" म्हणा, लगेच हात वर करून दाखवतील, ते काय, बाभळीच्या पलीकडचं पत्र्याचं घर, दारात शेरडं बांधलीत ते. मी तिला आत्या म्हणते. रक्ताचं नातं काही नाही. आमच्या घराची मागची भिंत तिच्या गोठ्याला लागून आहे एवढंच. पण ती नसती तर मी आज बारामतीच्या कॉलेजात सेकंड इयरला बसून हे लिहीत नसते, आणि हे मी उगाच भरून आलंय म्हणून म्हणत नाही, खरंच नसते. ते सांगतेच पुढं.

आधी शीळ कशी ते सांगते. बोटं तोंडात घालून नाही वाजवत ती. जिभेचं टोक वरच्या म्होरल्या दोन दातांच्या मागं टेकवते, खालचा ओठ जरा आत ओढते आणि मग जे काही निघतं ना! कालव्याच्या त्या अंगाला चरणारी शेरडं मान वर करतात. दोन लांब, एक आखूड. दोन लांब म्हणजे "ऐका", आखूड म्हणजे "चला". तिच्या वडलांनी शिकवलं, दत्तोबांनी. त्यांची मेंढरं होती, दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाच्या वाटेला लागायचे, आणि सिंधूआत्या त्या वाटेवरच वाढली. मी एकदा विचारलं, "भाऊ नव्हता म्हणून तुला शिकवली का गं?" तर म्हणाली, "भाऊ व्हता की. त्याला यायची न्हाय. मला यायची."

मग लग्न होऊन इकडं आली. इकडच्या लोकांनी मेंढरं कधीच विकली होती, पाटाचं पाणी आलं तसा ऊस लावला, वांगी, टोमॅटो लावले. सासू म्हाळसाबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "हितं शीळ घालायची न्हाय. आपण आता रानोमाळ फिरणारी न्हाय ऱ्हायलो. सुनंनं शीळ घातली तर लोकं काय म्हणतील?" आत्यानं बंद केली. वर्षानुवर्षं बंद. त्याच सासूनं, आत्याची दाढ दुखायला लागली तेव्हा तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजून, कुटून, मिश्रीची डबी तिच्या हातात दिली. आत्या अजून सांगते आणि हसते, "सासूनं तोंडातली शीळ काढून घेतली आन मिश्री घातली बघ."

आता माझं. मी पाच वर्षांची होते. कुत्र्याच्या पिल्लामागं पळत पळत उसात शिरले. ज्यांनी तोडणीला आलेला ऊस आतून बघितलाय त्यांनाच कळेल. आत शिरलं की दिशाच नसते, वर बघावं तर पानं, पुढं बघावं तर पानं, आणि ती पानं ब्लेडसारखी कापतात. मी रडत होते, बाहेर सगळी वस्ती ओरडत होती, "योगे! ए योगे!" पण उसात आवाज चारी बाजूंनी येतो. मी आईच्या आवाजाकडं पळाले की चुलत्यांचा आवाज पाठीमागून यायचा, मग मागं वळायचे, आणखी आत जायचे. दोन-चार माणसं आत शिरली तर सळसळ ऐकून मी जास्तच घाबरले.

आणि मग शीळ आली. दोन लांब, एक आखूड.

आत्या उसात शिरली नव्हती. ती बांधावर एका जागेला उभी राहिली, आणि तिनं सगळ्यांना गप बसवलं, स्वतःच्या सासूला पण! आणि तिथनंच शीळ घालत राहिली, घालत राहिली. मेंढरातली रीत आहे ती. हरवलेल्या कोकराच्या मागं पळायचं नाही, ते आणखी लांब पळतं. आपण हलायचं नाही, एका जाग्यावरनं बोलवायचं, म्हणजे त्याला एकच दिशा कळते. मला काय कळत होतं तेव्हा? पण तो आवाज एकच होता आणि एकाच बाजूनं येत होता. मी त्याच्याकडं चालत राहिले. बाहेर आले तेव्हा तोंड सगळं ओरबाडलेलं, आणि समोर आत्या, पदर खांद्यावरनं घसरलेला, गाल फुगलेले.

म्हाळसाबाई तिथंच उभ्या होत्या. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. मग म्हणाल्या, "थांबलीस कशाला? शेरडं बी गेलीत पार तिकडं. त्यास्नी बी बोलव."

त्या दिवसापासून ती शीळवाली.

म्हणून मागच्या दिवाळीला सुट्टीत घरी आले आणि गोठ्यामागनं नुसतं "फुस्स" ऐकू आलं तेव्हा आधी मला हसूच आलं. परत "फुस्स." शेरडं ढिम्म. मग एक शेळी सरळ शेजारच्या मक्यात घुसली आणि आत्या तोंडावर पदर धरून तिच्यामागं काठी घेऊन पळाली. तिला पळताना मी कधी बघितलंच नव्हतं. ती कशाला पळेल? तिचं सगळं जागेवरनंच चालायचं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काय न्हाय. म्होरलं हालत्यात." पदर बाजूला केला तर हिरड्या सुजून निळसर लाल, दात लांब झाल्यासारखे दिसत होते, आणि खालच्या एका दाताला तिनं जिभेनं ढकललं तर तो गेट उघडावं तसा पुढं आला.

"पडले तर कवळी बसवू की," मी आपलं धीर द्यायला म्हणाले.

"कवळीनं भाकरी खाता यील," ती म्हणाली. "शीळ?"

मग मी तिथंच ठरवलं, विचार बिचार काही केला नाही, सोमवारी आत्याला बारामतीला न्यायचं. सगळ्यात आधी तिचे मालक, गेणूतात्या, खाटेवरनं बोलले, "दात धुवायला बारामती! गावातला कडूलिंब वाळला का काय?" मग बनाबाई. बनाबाई म्हणजे आमच्या गल्लीची पहिली आणि शेवटची डॉक्टर. ती म्हणाली, "सिंधे, दात साफ करू नगंस बाई. त्या दातामधली घाणच दाताला धरून ठेवती. काढली की एकेक पडतोय. माझ्या भावजयीचं सगळं गेलं." हे ऐकून आत्या एस्टीत बसेपर्यंत तीनदा माघारी फिरली. भवानीनगर गेलं तरी म्हणत होती, "योगे, उतरू का गं हितं? कारखान्यावर माझी मावसबहीण ऱ्हाती."

भिगवण रोडला एक छोटा दवाखाना आहे, तिथल्या प्राची मॅडम माझ्या मैत्रिणीच्या ओळखीच्या. वयानं माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी आत्याला खुर्चीत बसवलं, लाइट लावला आणि विचारलं, "मिश्री लावता का मावशी?"

"लावते. सकाळची."

मॅडम बघतच राहिल्या.

"दुपारी बी लावते."

मॅडम अजून बघतायत.

"आता तुमी एवढं बघताय तर संध्याकाळची बी लावते."

मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी आरसा हातात देऊन तिला तिचंच तोंड दाखवलं. हिरडी दातापासून सुटलीय, आत खिशासारख्या जागा झाल्यात, त्यात घाण बसलीय, आणि आतलं हाड झिजतंय, म्हणून दात हलतायत. आधी ती घाण खोलपर्यंत काढावी लागेल, एका वेळी नाही होणार, परत यावं लागेल. आणि घरी हिरडीवर लावायला त्यांनी एक ट्यूब दिली. पिवळसर हिरवं जेल, उघडलं की हळद आणि तुळशीचा वास.

आत्यानं वास घेतला आणि एकदम खूश. "हे तर आमच्या दारातलंच हाय की! मग मशीन कशाला, हेच लावते दाबून."

"नाही मावशी," मॅडम म्हणाल्या. "हे जोडीला आहे. खरं काम सफाईचं. सफाई झाल्यावर सूज उतरायला, हिरडी घट्ट व्हायला ह्याची मदत होते. एकट्यानं हे काही करणार नाही. आणि मिश्री आजपासून बंद."

आत्यानं थेट विचारलं, "म्होरलं ऱ्हातील का?"

"खालचा एक फारच हाललाय, त्याचं वचन देत नाही. वरचे दोन वाचवायचा प्रयत्न करू."

"वरचंच वाचवा. माझी शीळ वरल्यांवर हाय."

मॅडमना काही कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, ऊस, शेरडं, सगळं, आणि सांगताना माझंच नाक गळायला लागलं. मॅडमनी मला टिश्यू दिला, आत्याला आ करायला सांगितलं आणि कामाला लागल्या. काम झाल्यावर आत्या गुळण्या करून उठली, जिभेनं एकेक दात चाचपला आणि म्हणाली, "सगळं हायत. बनीला सांगायला पायजे."

पण मिश्री सोडणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या बाईलाच ठाऊक. ती नुसती तंबाखू नाही हो. सकाळी झाडलोट झाली की बनाबाईच्या ओट्यावर सगळ्या जमतात, प्रत्येकीचं एक बोट तोंडात आणि बाकी तोंडातनं गावाच्या बातम्या. डबी हातोहात फिरते. जिच्या तोंडात बोट नाही तिला तिथं बसायचा हक्कच नाही, असं कुणी म्हणत नाही, पण तसंच असतं. आत्या पहिल्या दिवशी नुसती जाऊन बसली तर बनाबाई म्हणाली, "का गं, उपास हाय का?" मग आत्यानं डोकं लढवलं. दुसऱ्या दिवशी ट्यूबच घेऊन गेली. सगळ्या मिश्री लावतायत, ही जेल लावतेय.

झालं! डबी फिरते तशी ट्यूब फिरली. "बघू की चिमूटभर." "मला बी दे गं, कसं लागतंय?" कुणाला नाही म्हणायचं? मिश्री मागितल्यावर कुणी नाही म्हणतं का कधी? चार दिवसांत ट्यूब चपटी. वर जेल लावल्यावर अर्धा तास चूळ नाही, खाणं नाही असं मॅडमनी सांगितलेलं, तर आत्या जेल थुंकीत वाहून जाऊ नये म्हणून बोलायची पण नाही. ओट्यावर बातमी पसरली, "सिंधू गप बसलीय म्हंजी औषध लैच जहाल हाय." हे सगळं मला फोनवर कळत होतं आणि मी हॉस्टेलवर पोट धरून हसत होते.

मग एक दिवस फोन आला आणि हसू गेलं. आत्याच्या हिरडीतनं रक्त यायला लागलं होतं. ब्रश लावला की रक्त, भाकरीचा कडक तुकडा चावला की रक्त. आणि बनाबाईचा निकाल तयारच, "मिश्री लावत व्हतीस तवा कधी रगत आलं व्हतं का? आं? ह्या जेलनंच हिरडी फोडली." गल्लीतल्या ज्या ज्या बायांनी ट्यूबमधलं लावून बघितलं होतं त्या सगळ्या घाबरल्या. आत्यानं परत मिश्री धरली, आणि चारच दिवसांत रक्त थांबलं.

थांबलंच! आता ह्याच्यापुढं कोण काय बोलणार? दुसऱ्या वेळची सफाई तिनं रद्द केली, मला कळवलं पण नाही.

मी शनिवारी घरी आले तर आत्या ओट्यावर, बोट काळं. मी एवढी भडकले, सगळ्यांसमोर ओरडले, मग रडले. आत्या मला ओढत घरी घेऊन आली. "आगं रडती कशाला? रगत थांबलंय न्हवं?"

"आणि दात? शीळ घाल बघू!"

तिनं घातली. फुस्स. पहिल्यापेक्षा वाईट, नुसती हवा. दारातल्या शेळीनं कान पण हलवला नाही. आत्या खाली बसली. तिचं तोंड असं झालं होतं की मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. मी सरळ प्राची मॅडमना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

मॅडम अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी, तुमची हिरडी आधीपासून आजारी होती. रक्त तेव्हाच यायला पाहिजे होतं. तंबाखूनं तिथल्या रक्ताच्या नळ्या आखडतात, म्हणून वर दिसत नव्हतं. मिश्री सोडली तसं हिरडीत रक्त नीट फिरायला लागलं आणि आतला आजार बाहेर दिसला. आणि अजून निम्मी सफाई बाकी आहे. आता परत मिश्री लावून रक्त थांबलंय ते बरं झालं म्हणून नाही, परत झाकलं गेलं म्हणून."

आत्या फोनच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "खुरासारखं."

"काय?" मॅडम.

"पावसाळ्यात मेंढराच्या खुरात चिखल बसून आत सडतंय बघा. वरनं खूर चांगलं दिसतं, मेंढरू तेवढं लंगडतं. मग माझं वडील आधी चाकूनं खूर तासायचं. रगत यायचं, मेंढरू बोंबलायचं. आतलं सडकं सगळं काढलं की मगच हळदीचा, पाल्याचा लेप. न तासता नुसता लेप लावला तर दोन दिस बरं दिसतंय आन मग मेंढरू पायच टेकत न्हाय."

"अगदी तेच मावशी," मॅडम म्हणाल्या. "निम्मं खूर तासायचं राहिलंय तुमचं."

खाटेवर पडलेले गेणूतात्या उठून बसले. "म्हंजी मेंढरू लंगडतंय ते दिसतंय, रगत बघून धनगराची लेक पळाली. वा गं वा! तुझ्या बापानं मेंढरू कधी अर्धं तासून सोडलं व्हतं का?" असं म्हणून त्यांनी देवळीतली मिश्रीची डबी उचलली आणि चुलीत रिकामी केली. घरभर तंबाखूचा धूर. आम्ही तिघं खोकत खोकत अंगणात आलो. आत्या खोकत म्हणाली, "आवो, तव्यावर भाजताना बी एवढा धूर न्हाय व्हत!"

दुसऱ्या वेळेला तात्या स्वतः तिच्याबरोबर गेले. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसून आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "दात पडत न्हाईत. आमच्या मंडळीचं एकदा झालंय." मॅडमनी नवीन ट्यूब दिली आणि बजावलं, ही ओट्यावर न्यायची नाही. आत्या ओट्यावर जाते अजून, पण तोंडात काही न घालता. जेल घरात लावते. बनाबाईनं ट्यूब मागितली तर म्हणते, "नुसता लेप मिळत न्हाय. आधी बारामतीला चल, तासून घे." बनाबाई अजून काही आलेली नाही. तिची डबी फिरतेच. आणि खरं सांगायचं तर आत्याचं बोट पण एक-दोनदा त्या डबीत गेलं, तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना अशी बघत होती जशी मी तिची सासू आहे.

रक्त आलं आधी. ह्यावेळी कुणी घाबरलं नाही. मग कमी कमी होत गेलं, सूज उतरली, हिरडीचा निळा रंग जाऊन गुलाबी दिसायला लागली. खालचा तो एक दात मात्र नाही राहिला. मॅडमनी काढला तो आत्यानं रुमालात बांधून आणला आणि लहान पोरं दुधाचा दात टाकतात तसा पत्र्यावर भिरकावला. टण्ण वाजलं. तात्या म्हणाले, "आता नवा यील व्हय ह्या वयात?" आत्या म्हणाली, "तुमास्नी काय करायचंय? पत्रा माझा, दात माझा."

शीळ लगेच नाही आली. वरचे दात घट्ट झाले तरी खालच्या फटीतनं हवा निसटायची. मी दर आठवड्याला फोनवर विचारायचे, ती म्हणायची, "व्हईल." तिकडं मक्याचं नुकसान चालूच होतं.

मागच्या रविवारी मी बारामतीला निघाले. बस आली, चढले, कंडक्टरनं बेल दिली, गाडी निघाली. मी खिडकीशी बसून मोबाइल काढला, तेवढ्यात मागनं, लांबनं, आमच्या घराच्या अंगानं आवाज आला. दोन लांब, एक आखूड. आधीसारखा नाही, जरा खरखरीत, मधेच फाटलेला. पण तोच. मी उभीच राहिले बसमध्ये. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि कंडक्टरकडं वळून म्हणाला, "शिट्टी कशाला मारतोय? बेल हाय की!"

"मी कुठं मारली?" कंडक्टर.

"थांबा, थांबा, मला बोलावतायत," मी म्हणाले. मागच्या काचेतनं बघितलं तर आत्या. बांधावर उभी, एका जाग्यावर, अजिबात न पळता, हातात माझा विसरलेला भाकरीचा डबा उंच धरून. तिच्या मागं सगळी शेरडं पण येऊन उभी राहिली होती, त्यांना वाटलं आपल्यालाच बोलावलंय.

ड्रायव्हर म्हणाला, "आता ह्या मावशी इकडं येणार, का तू तिकडं जाणार?"

"ती नाही येणार," मी म्हणाले. "मलाच जायला पाहिजे." आणि उतरून पळत सुटले.